शिवय्याचा कडता

कोल्हापूरच्या गूळ बाजारात शिवय्या नावाचा तोलाईदार होता. तोलाईदार म्हणजे माल तोलून देणारा, बाजार समितीचा परवाना असलेला माणूस. हा परवाना शिवय्या टोपीत घडी घालून ठेवायचा आणि झोपताना टोपी उशाशी. अंगानं किडकिडीत, कपाळावर विभूतीचे पट्टे, कानावर पेन्सिल आणि बोलणं बेताचं. बाजारात शेतकऱ्याचा अडत्यावर विश्वास नसतो आणि अडत्याचा तर सख्ख्या भावावरही नसतो. पण शिवय्यानं गुळाची ढेप काट्यावर चढवून 'तीस किलो दोनशे' म्हटलं की दोघंही माना डोलवून पुढच्या ढेपेकडे सरकत. वीस-बावीस वर्षांत त्याच्या वजनावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. मग अमेरिका मध्ये आली.

साल चौऱ्याण्णव. पेठ वडगावचे हंबीरराव म्हणजे ऊसवाले, स्वतःचं गुऱ्हाळ असलेले, आवाजानं आणि मिशीनं मोठे. त्यांचा एकुलता एक मुलगा विजयसिंह शिकायला अमेरिकेला निघाला. विमान कंपनीच्या कागदावर लिहिलं होतं की दोन बॅगा चालतील, एकेकीचं वजन बत्तीस किलो, त्यापुढे एक ग्रॅमही चालणार नाही. असा काटा कुणाच्या घरात असतो? हंबीररावांनी दोन्ही बॅगा गुळाच्या ट्रॉलीत, ढेपांच्या शेजारी ठेवल्या आणि सौद्याच्या दिवशी थेट शिवय्यासमोर आणून उतरवल्या.

शिवय्यानं पहिली बॅग काट्यावर घेतली. भरली सदतीस. त्यानं कानावरची पेन्सिल काढली, बॅगेवर हात फिरवला, टिचकी मारून पाहिली आणि पाच किलो कापून कागदावर बत्तीस लिहिलं. दुसरीचंही तसंच. त्याचं चुकलं काय, ते बाजाराबाहेरच्या माणसाला लगेच कळेल. बाजारातल्या माणसाला मात्र जन्मात कळलं नसतं. गूळ गोणपाटात बांधून येतो. गोणपाट म्हणजे बारदान. बारदानाचं वजन मालात धरायचं नाही, ते कापायचं, या कापण्याला म्हणतात कडता. बॅग हे अमेरिकेच्या मालाचं बारदानच झालं की. तिथं वीस माणसं उभी होती, त्यातल्या एकालाही शंका आली नाही. उलट शिवय्यानं कडता कापला नसता तर तिथंच भांडण लागलं असतं.

मुंबईला विजयसिंहाला पोचवायला दोन जीप आणि एक टेंपो गेला. सत्तावीस माणसं. विमानतळावरच्या काउंटरमागच्या बाईनं बॅगा तोलल्या आणि दहा किलो जास्त आहेत म्हणाली. पोरगा बॅगा घेऊन दाराशी परत आला. हंबीरराव दारावरच्या शिपायाला बारदान समजावून सांगू लागले. बॅग काय कंपनी विकत घेणार आहे का, मग तिचं वजन कशाला, असा त्यांचा रोकडा सवाल होता. शिपायाकडे त्याचं उत्तर नव्हतं, पण बंदूक होती. वेळ थोडा राहिला, बॅगा फरशीवर उघडल्या आणि हाताला येईल ते बाहेर निघालं. लाडू निघाले, चिवडा निघाला, चकल्यांचा पत्र्याचा डबा निघाला. सगळ्यात शेवटी निघाला एक स्टीलचा डबा. त्याच्या अंगावर 'सौ. संयोगिता हंबीरराव, पेठ वडगाव' असं कोरलेलं होतं आणि आत संयोगिताबाईंनी स्वतः कांडलेली तांबडी चटणी होती. पोराचं जेवण त्या चटणीशिवाय होत नसे. काटा बरोबर बत्तीसवर आला आणि पोरगा विमानात बसला.

लाडू-चिवडा सत्तावीस माणसांनी गाड्यांच्या तळावरच बसून संपवला. भूकच तशी लागली होती. चटणीच्या डब्याला कुणी हात लावला नाही. तो हंबीररावांनी मांडीवर घेतला, तो वडगाव येईपर्यंत मांडीवरच होता.

शिवय्याला हे कळलं तेव्हा त्यानं टोपी काढली, परवाना उलगडून वाचला आणि पुन्हा टोपीत ठेवला. बायको मल्लव्वेला तो एवढंच म्हणाला, की माझ्या पेन्सिलीनं एका आईचा डबा माघारी आला. हंबीरराव पुढेही दर सौद्याला येत राहिले. चटणीचा विषय दोघांतल्या कुणीही काढला नाही. न काढलेला विषय मात्र काट्यावर नसला तरी दोघांमध्ये वजनाला असायचा.

आता गावाची गंमत बघा. शिवय्याला जे काट्यासारखं सलत होतं, ते गावाला भलतंच आवडलं. पोचवायला गेलं की तळावर लाडू मिळतात, ही बातमी वडगावहून हातकणंगल्याला आणि हातकणंगल्याहून सगळीकडे गेली. पूर्वी मुंबईला पोचवायला चला म्हणून माणसांच्या विनवण्या कराव्या लागत. आता जीपमध्ये जागेसाठी वशिला लागू लागला. परदेशी निघालेली माणसं शिवय्याकडे येऊन 'बारदान वजा करूनच तोला' म्हणून सांगत. तो काही ऐकायचा नाही, बॅगेसकट तोलायचा, बत्तीसला बत्तीस करून द्यायचा. मग ती माणसं घरी जाऊन वरून पाच किलो फराळ भरत, मुंबईत तो काढावा लागे आणि रीत पाळली जाई. कुणाच्या बॅगेतून काय निघणार याची चौकशी आधीच होई. धोंडुबाई म्हणून शिवय्याची शेजारीण होती. ती तर निघणाऱ्याच्या घरी जाऊन, चकल्या वरच्या बाजूला ठेवा, असं सांगून यायची.

शिवय्यानं मात्र त्या एका चुकीपायी नियमांचा ध्यास घेतला. जो कोणी अमेरिकेहून येई त्याला गाठून तो तिकडच्या कस्टमची माहिती विचारायचा आणि गुळाच्या पट्टीच्या, म्हणजे विक्रीच्या पावतीच्या, कोऱ्या पाठीवर लिहून घ्यायचा. ताजं फळ नाही, पालेभाजी नाही, पेरलं तर उगवेल असं बी नाही, मांस नाही, माती नाही. आणि जे नेतोय ते फॉर्मवर कबूल करायचं, लपवायचं नाही. कबूल केलं तर फार तर काढून घेतील. लपवलं तर दंड. मिरजेच्या पलीकडे न गेलेला हा माणूस रविवारी सकाळी ओट्यावर बसून अमेरिकेचा कायदा सांगू लागला आणि लोक चंदगडहून एस.टी.नं येऊन तो ऐकू लागले.

चंदगडच्या एका काजूवाल्यानं त्याला पेचात टाकलं. काजूचं बोंड हे फळ आणि काजू हे बी, मग दोन्ही बंद का? शिवय्यानं आठ दिवस मागून घेतले. नवव्या दिवशी त्यानं निवाडा दिला, की काजू भाजला म्हणजे तो मेला, आणि मेलेलं उगवत नाही, म्हणून भाजलेला चालतो. काजूवाला म्हणाला, मग भाजलेलं कोंबडंसुद्धा मेलेलंच असतं. शिवय्यानं बराच विचार करून सांगितलं, की कोंबडं जास्त मेलेलं असतं. हातकणंगल्याच्या बनाबाईला सुनेसाठी कढीपत्त्याचं रोप मुळासकट पाठवायचं होतं. पाला, मूळ आणि माती असे तिन्ही गुन्हे एकाच कुंडीत पाहून शिवय्यानं तिला पाणी दिलं आणि घरी पाठवलं. फॉर्मवर आणखी एक प्रश्न असे, की तुम्ही शेतावर जाऊन आलात का. हा प्रश्न वाचून अख्खा ओटा हसायचा. शेतावर जात नाही असं लिहून दिलं तर तालुक्यात सोयरीक कोण करणार?

दोन हजार दोन साली हे सगळं शिवय्याच्या स्वतःच्या घरात आलं. त्याची एकुलती एक लेक पवित्रा लग्न होऊन न्यू जर्सीला गेली होती. तिला दिवस गेले. नवरा सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा, घरात दुसरं माणूस नाही, आणि अन्नाला चव लागत नाही म्हणून ती फोनवर रडायची. मल्लव्वेनं बाळंतपणाला जायचं ठरलं. मराठी आणि कानडी सोडून तिला तिसरी भाषा येत नव्हती, आणि माहेर निपाणीचं, त्यापेक्षा लांब ती कधी गेली नव्हती. तिचं म्हणणं एकच होतं: मी पोचले न पोचले चालेल, बाळंतविडा सगळा पोचला पाहिजे. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, भाजलेला अळीव, सुंठ, बाळंतशेप, खारीक, खोबरं, काकवी, शेंगाच्या पोळ्या, कडक भाकरी, कुंच्या, दुपटी. यातलं काही मुंबईच्या तळावर धोंडुबाईच्या तोंडात जाता कामा नये, आणि काही अमेरिकेच्या कचऱ्यात जाता कामा नये.

शिवय्यानं महिनाभर आधी सुरुवात केली. प्रत्येक जिन्नस तोलला. यादी केली त्रेसष्ट जिनसांची, प्रत्येकापुढे किलो आणि ग्रॅम. मग रिकामी बॅग तोलली आणि 'बारदान' म्हणून वेगळी लिहिली. बॅगांवर त्यानं गोणपाट चढवून दाभणानं शिवलं, म्हणजे कुणाला वरून काही घुसडता येऊ नये. त्या गोणपाटाचं वजन लिहिलं आणि सुतळीचं चाळीस ग्रॅम तेही लिहिलं. हातातली पिशवी तेवढी शिवली नाही, कारण मल्लव्वेला वाटेत तहान लागली तर तांब्या काढायला हवा. तिचं वजन सहा किलो चारशे. मग कोर्टासमोरच्या टायपिस्टाकडून ही यादी इंग्रजीत टाइप करून घेतली आणि खाली सही करून तोलाईदाराचा शिक्का मारला. मल्लव्वा म्हणाली, अमेरिकेला एवढं कशाला सांगायचं. शिवय्या म्हणाला, की एकदा न सांगता कापलं होतं, आता सगळं सांगून जाऊ दे.

पोचवायला अठरा माणसं आली. बॅगा गोणपाटात शिवलेल्या पाहून निम्म्यांचे चेहरे उतरले, पण जीपमध्ये बसल्यावर उतरता येत नाही. वडगाव फाट्यावर हंबीररावही चढले. मल्लव्वेची हातातली पिशवी त्यांनी अदबीनं स्वतःच्या मांडीवर घेतली आणि मुंबईपर्यंत कुणालाही दिली नाही. शिवय्याला त्यांचा हा मान ठेवण्याचा प्रकार फार बरा वाटला.

विमान दुपारचं होतं. मल्लव्वा आत गेली. शिवय्या बाहेरच्या काचेला नाक लावून उभा राहिला. ठरलं असं होतं की काटा बरोबर आला तर तिनं उजवा हात वर करायचा. पहिली बॅग चढली, हात वर झाला. दुसरी चढली, पुन्हा हात वर झाला आणि वरच राहिला, कारण किती वेळ वर ठेवायचा हे ठरलं नव्हतं. शिवय्या रडला. आठ वर्षांनी त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. मागं अठरा माणसं उपाशी उभी होती आणि धोंडुबाई म्हणत होती, की असला कोरडा निरोप तिनं जन्मात बघितला नाही.

दोन दिवसांनी पवित्राचा फोन आला. घरी फोन नव्हता, म्हणून बाजारातल्या एका पेढीवर तो यायचा. सौद्याचा दिवस होता. पेढीत तीस-चाळीस माणसं जमली आणि पवित्रा जे सांगेल ते शिवय्या मोठ्यानं पुन्हा सांगू लागला.

मल्लव्वा पोचली होती. पण कस्टमच्या रांगेत हिरवं जाकीट घातलेलं एक छोटं कुत्रं आलं, तिच्या पिशवीला हुंगलं आणि पिशवीसमोर बसलं. हलेचना. अंगात जाकीट आहे म्हणजे चांगल्या घरचं असणार आणि बसलंय म्हणजे भुकेलं असणार, असा हिशेब करून मल्लव्वेनं शेंगाच्या पोळीचा तुकडा मोडून त्याच्यापुढे ठेवला. कुत्रं कामावर होतं, त्यानं खाल्ला नाही. त्याच्या साहेबालाही हसू आलं नाही. त्यानं मल्लव्वेला बाजूच्या टेबलाशी नेलं. बॅगांचं गोणपाट कात्रीनं कापायला लागले तेव्हा मल्लव्वेनं कात्री धरून ठेवली, कारण उसवलं असतं तर गोणपाट पुन्हा वापरता आलं असतं. तिचं बोलणं कळेना म्हणून त्यांनी कर्नाटकातली एक बाई शोधून आणली.

मग मल्लव्वेनं यादी पुढे केली. साहेबानं वाचली आणि दुसऱ्या साहेबाला बोलावलं. दुसऱ्यानं थोरल्याला बोलावलं. सुतळीचं वजन लिहिलेलं त्यांनी कुणीच कधी पाहिलं नव्हतं. खाली शिक्का, परवाना नंबर. त्यांना वाटलं हे भारत सरकारचंच काही खातं असणार. थोरल्यानं लाडूंचा डबा तोलला, यादीत होतं तेवढंच भरलं. अळीव तोलला, तेवढाच भरला. मग त्यांना गोडी लागली. एकानं वाचायचं, दुसऱ्यानं काट्यावर ठेवायचं आणि सगळ्यांनी माना डोलवायच्या, असा तिकडेही सौदा सुरू झाला. हे ऐकून पेढीतल्या चाळीस माणसांनी माना डोलवल्या.

पिशवीच्या तळाशी मात्र एक डबा निघाला, जो यादीत नव्हता. थोरल्या साहेबानं उघडला. आत सुकं मटण होतं.

हे वाक्य शिवय्यानं मोठ्यानं म्हटलं आणि मग आपण काय म्हटलं ते त्याला कळलं. पेढीतल्या माना डोलायच्या थांबल्या. लिंगायताच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जे शिजलं नाही ते त्याच्या बायकोच्या पिशवीतून अमेरिकेपर्यंत गेलं होतं, आणि फॉर्मवर 'मांस नाही' असं तिनं आधीच लिहून दिलं होतं. पवित्रा सांगत होती, की ती कर्नाटकातली बाईसुद्धा घाबरली. दंड होईल म्हणाली, आणि बहुधा खाण्याचं सगळंच सामान कचऱ्यात जाईल. डब्यात काय आहे ते कळल्यावर मल्लव्वेनं दोन्ही हात मागे घेतले, प्यायला पाणी मागितलं आणि मग सरळ उभी राहिली. जे यादीत नाही ते माझं नाही, एवढंच तिनं कानडीत सांगितलं.

थोरला साहेब विचारात पडला. त्यानं पिशवी आहे तशी पुन्हा भरून तोलली. यादीपेक्षा बाराशे ग्रॅम जास्त. मग नुसता डबा तोलला. बाराशे ग्रॅम. वर त्या बाईनं डब्यावर कोरलेलं नाव वाचून दाखवलं, आणि ते नाव मल्लव्वेच्या पासपोर्टावरचं नव्हतं. साहेबानं डबा कचऱ्यात टाकला, यादीवर शिक्का मारला आणि बाकी सगळं सामान जाऊ दिलं. यादीची एक प्रत मात्र त्यांनी ठेवून घेतली. बाळंतविडा पुरा पोचला होता. पवित्रानं पहिला लाडू गाडीतच खाल्ला होता आणि दुसरा आत्ता फोनवर खात होती.

"डब्यावर नाव कुणाचं व्हतं?" शिवय्यानं विचारलं.

पवित्रानं सांगितलं. हे एक वाक्य शिवय्यानं मोठ्यानं पुन्हा म्हटलं नाही. लोक वाट बघत राहिले. त्यानं फोन खाली ठेवला आणि दाराकडे पाहिलं. दाराशी हंबीरराव स्वतःच्याच गुळाच्या ढेपेवर बसले होते आणि त्यांची मिशी खाली आली होती.

शिवय्या संतापला होता, आणि संतापायला त्याला पूर्ण हक्क होता. परक्या मुलखात एकट्या बाईला त्यांनी गुन्हेगार केली असती. पण तो जवळ गेला तेव्हा हंबीररावच आधी बोलले, आणि वडगावच्या बाजारात चार गल्ल्यांना ऐकू जाणारा तो आवाज जेमतेम शिवय्यापर्यंत पोचला.

"आठ वर्सं झाली, पोरगं आलं न्हाई. तुमच्या पवित्राच्या शेजारच्याच गावात ऱ्हातंय. त्याच्या आईचं गुडघं गेल्यात, तरी हट्टानं उभं ऱ्हाऊन केलं तिनं. वैनींना मटणाचा डबा न्या म्हणून कुठल्या तोंडानं सांगू, तोलाईदार? म्हणून न सांगता ठेवला."

शिवय्या त्यांच्या शेजारच्या ढेपेवर बसला. राग होता तो होताच, पण त्याच्या खाली ती आठ वर्षांपूर्वीची पेन्सिल होती.

"पयला डबा माझ्या चुकीनं माघारी आला," तो म्हणाला. "ह्यो तुमच्या चुकीनं कचऱ्यात गेला. फिट्टंफाट झाली. आता तिसरा मी भरतो."

पुढच्या रविवारी ओटा बंद ठेवून तो पेठ वडगावला गेला. संयोगिताबाई पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या. डबा पोचला का, हे त्यांनी पाणी द्यायच्या आधी विचारलं. हंबीरराव छताकडे बघू लागले. शिवय्या आयुष्यात वजनाचं खोटं बोलला नव्हता, आणि हे वजनाचंच होतं. तो म्हणाला, वैनी, डबा अमेरिकेत पोचला. ते खरंच होतं, फक्त त्यातून थोडा कडता कापलेला होता. मग त्यानं कायदा सांगितला: मांस जात नाही, पण चटणी जाते, मटण तिकडे मिळतं, तुमच्या हातची चटणी मिळत नाही. संयोगिताबाईंनी त्याच दिवशी मिरच्या वाळत घालायला लावल्या.

तेव्हापासून कोल्हापुरातनं परदेशी निघालेल्या माणसांना एक नवं कोडं पडलं. मर्यादा बत्तीसची, तर शिवय्या बॅग एकतीसलाच थांबवायचा. विचारलं की म्हणायचा, कडता. आणि त्या कापलेल्या किलोच्या जागी संयोगिताबाईंचं नाव कोरलेला चटणीचा डबा ठेवायचा, यादीत अगदी वरच्या ओळीत लिहून. पवित्राकडे पोचवा, पुढं ती बघेल, एवढीच सूचना. टेक्सासला गेलेल्यानं तो तिथून पोस्टानं धाडला. कॅलिफोर्नियावाल्यानं कुरकुर केली, पण धाडला. अमेरिका म्हणजे हातकणंगले तालुका नव्हे, हे शिवय्याला सांगायची कुणाची हिंमत नव्हती. पुढे तर दुबईला निघालेल्या एका मेकॅनिकच्या बॅगेतही डबा गेला; परदेश तो परदेश, असं शिवय्याचं मत. तो डबा दुबईत वर्षभर राहिला आणि मग कुणाच्या तरी भाच्याबरोबर न्यू जर्सीला पोचला. मध्यंतरी नियम बदलून बॅग तेवीस किलोची झाली, तर शिवय्या बावीसला थांबू लागला. लोक चिडत, आणि किलो सोडत. पवित्राचा मुलगा चालायला लागला, शाळेत जायला लागला, आणि तिकडे रविवारी चटणीचा डबा न्यायला एक मोठ्या मिशीचा मामा येतो हे त्याला पाठ झालं.

दोन हजार सातच्या दिवाळीत विजयसिंह आला. कुणाला न कळवता आला, त्यामुळे ज्याला पोचवायला सत्तावीस माणसं गेली होती त्याला आणायला कुणीच नव्हतं. त्याच्या बॅगेत अकरा स्टीलचे डबे होते. डबा रिकामा परत देऊ नये एवढं घरचं वळण त्याच्यात शिल्लक होतं, म्हणून त्यानं प्रत्येकात मूठभर साखर घातली होती. अकरा डब्यांत थोडी थोडी पांढरी पूड पाहून मुंबईच्या कस्टमनं त्याला दोन तास बसवून ठेवलं आणि प्रत्येक डब्यातली चव त्याच्याकडूनच घेववली. वडगावला पोचला तेव्हा त्याच्या तोंडाला साखरेचा वीट आला होता. संयोगिताबाईंनी त्याला समोर बसवून मटण वाढलं आणि तो जेवत असताना एक एक डबा मोजून घेतला.

तीन आठवड्यांनी हंबीरराव त्याची बॅग घेऊन बाजारात आले. या वेळी ट्रॉलीत गुळाच्या शेजारी संयोगिताबाईही होत्या, खुर्चीवर बसून. शिवय्या आता थकला होता, काटा विजेचा झाला होता, पण बॅगेला टिचकी मारून बघायची सवय सुटली नव्हती. त्यानं बॅग काट्यावर घेतली. बावीस भरली. हंबीररावांनी सवयीनं हात जोडले आणि, झालं तर मग, म्हणाले.

"झालं न्हाई," शिवय्या म्हणाला. "ज्याचा डबा त्योच घेऊन चाललाय. कडता कशाचा कापायचा?"

त्यानं पेन्सिल कानावर ठेवली आणि संयोगिताबाईंकडे हात केला. त्यांनी पदराखालून किलोभर चटणीचा डबा काढून दिला. काटा तेवीसवर येऊन थांबला, बारदानासकट. मग शिवय्यानं दाभण आणि सुतळी मागवली आणि बॅग स्वतः शिवून दिली.